भर दुपारचा पोत

गोंधळ दुपारी घालायचा, हे गोंधळ्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

"दिवसाढवळ्या देवी येती का, ताई?" त्यांच्यातला वयस्कर माणूस गच्चीचा जिना चढता चढता रेणूला विचारत होता. संबळ खांद्याला, अंगरखा अजून पिशवीत. "तिला रातच्याला बोलवायचं असतंय. पोत दिसाया अंधार लागतो."

"अंधार पडल्यावर वाजवायला आमची सोसायटी नाही म्हणते," रेणू म्हणाली. "आणि रात्री गच्चीवर पोत पेटवायचा म्हटल्यावर सेक्रेटरींनी कानांवर हात ठेवले. उन्हाळ्यात जे झालं, त्यानंतर कोण हो म्हणणार?"

उन्हाळ्यात जे झालं ते याच इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याखाली. चार्जिंगला लावलेल्या स्कूटरमधून धूर येतोय म्हणून रेणूचा नवरा प्रशांत प्लग काढायला वाकला, आणि बॅटरी फुटली. छाती, मान, दोन्ही हात, पाठीचा बराच भाग. तो घरी येईल असं पहिल्या आठवड्यात कुणीच म्हणत नव्हतं. त्याच आठवड्यात त्याच्या आईनं, पद्मावतीबाईंनी, तुळजाभवानीला नवस बोलला: लेकरू जगलं तर गोंधळ घालीन, आणि त्याच्याच हातानं पोत खेळवीन.

लेकरू जगलं. आता दिवाळी होऊन गेली होती, अंबरपेठेवर हिवाळ्याचं पातळ ऊन पडलं होतं, आणि नवस फेडायचा होता.

गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्यांच्या सावलीत चौक मांडला होता. नव्या खणावर तांदूळ, त्यावर कलश, वर ज्वारीच्या ताटांचा मांडव. जवळच दोरीवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या, आणि वारा आला की त्या चौकाला वारा घालतायत असं वाटायचं. प्लास्टिकच्या खुर्चीत प्रशांत बसला होता. सैल सदऱ्याच्या आत व्रणांवर दाब ठेवणारं घट्ट जाकीट. समोर त्याची आतेबहीण तन्वी उकिडवी बसली होती, आणि तिनं त्याच्या हातात लाटणं दिलं होतं.

"धर. अजून घट्ट."

"पोळ्या लाटायला लावतेस काय गं?"

"मोठ्या मामांचा हुकूम आहे. मूठ सैल पडली तर पोत मिळणार नाही."

"मग सांग त्यांना, मी दोन्ही हातांनी धरतो. बॅटिंग करतो."

तो हसला. मानेवरची कातडी ताणली गेली आणि हसणं अर्ध्यावर थांबलं. तन्वीनं लाटण्याखालून त्याच्या मनगटाला आधार दिला. तिची बोटं नकळत नाडीच्या जागेवर गेली. खालच्या मजल्यावर अंगरखे घालायला गेलेले गोंधळी संबळ लावून बघत होते, ठेका जलद होता, तोच ठेका जमिनीतून, खुर्चीतून, प्रशांतच्या हातातून आपल्या बोटांपर्यंत येतोय असं तिला वाटलं. किती छान, असंही तिच्या मनात आलं.

मग खाली संबळ थांबला. तिच्या बोटांखालचा ठेका थांबला नाही.

"दादा, तू आत्ता जिना चढलास का?"

"नाही. मघापासून इथंच आहे. चहा पण इथंच घेतला."

"धडधडतंय?"

"ते तर नेहमीचंच." त्यानं लाटणं मांडीवर ठेवलं. "झोपेत पण पळत असतो मी. सवय झाली."

"सकाळची छोटी गोळी घेतलीस ना? हृदय हळू करायची?"

"ती बंद झाली ना?"

"कुणी बंद केली?"

प्रशांतनं खांदे उडवायचा प्रयत्न केला. ते खांदे आता पूर्वीसारखे उडत नसत. "आई देते त्या घेतो. मला वाटलं डॉक्टरांनीच कमी केली."

तन्वी उठली. ती पुण्याहून येऊन विद्यानगरला भाड्याच्या खोलीत राहायची आणि एका प्रयोगशाळेत रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशी वाढवायची. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फरशीसारख्या दिसतात, एकीला एक चिकटून. भाजलेल्या माणसाच्या रक्तातला पिवळा द्रव त्यांच्यावर घातला की थोड्याच वेळात त्या अंग चोरतात, मधे फटी पडतात, आणि जे आत राहायला हवं ते बाहेर झिरपू लागतं. हे तिनं कितीतरी वेळा शांतपणे पाहिलं होतं. आत्ता मात्र तिला शांत राहता येईना.

\*

स्वयंपाकघरात पुरण शिजत होतं. पद्मावतीबाई पदर खोचून ते घोटत होत्या. पलीकडे हॉलमध्ये भगवंतराव, त्यांचे यजमान, सतरंजीवर बसून विडे लावत होते. कोठी बाजारातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात आयुष्य गेलेला माणूस, विडासुद्धा पान दुमडल्यासारखा दुमडायचा. शेजारी त्यांचे थोरले भाऊ हिम्मतराव लोडाला टेकले होते. गोंधळी त्यांनीच उदगीरकडून जीपमध्ये घालून आणले होते, आणि सकाळपासून ते गोंधळाचे मालक झाले होते.

"मामी," तन्वीनं विचारलं, "दादाची हृदयाची गोळी कुठंय?"

"दिल्या की सकाळी सगळ्या."

"ती सोडून बाकीच्या दिल्यात."

डाव पुरणात थांबला. उत्तर हॉलमधून आलं.

"बीपीची म्हणतीस का? ती मीच बंद करायला लावली," हिम्मतराव म्हणाले, आणि एखादा बांध आपण कसा वाचवला ते सांगावं तशा आवाजात पुढं बोलू लागले. "दिवाळीत माझ्या मशीनवर मोजलं की मी लेकराचं. एकशे दहा! मला एकशे साठ व्हतं तवा ती गोळी चालू केली, अन् ह्याला एकशे दहावर? आपटून पडंल की पोरगं. गोळी मी वळखतो, इतकी वर्षं खायलो."

"मोठे मामा, ती त्याला बीपीसाठी नव्हतीच दिलेली."

"मग काय गोड लागती म्हणून दिली?"

"दिवाळीपासून?" दाराशी रेणूचा आवाज आला. हातात गच्चीवर न्यायचा नारळ होता. "दिवाळीपासून बंद आहे, आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू बँकेत असतीस," पद्मावतीबाई म्हणाल्या. त्यांना जेवढं लागावं असं वाटत होतं त्याहून ते जास्त लागलं.

"बँकेत असते म्हणून बायको नाही का मी त्याची?"

"नक्को बाबा, नक्को," भगवंतराव पानांकडे बघतच म्हणाले. "वर लोक यायला लागलेत. नंतर बोला."

"नंतर नाही, मामा," तन्वी म्हणाली. "त्याची नाडी आत्ता, बसल्या जागी, मी जिना पळत चढले तर माझी होईल त्याहून जोरात आहे. ती गोळी अशी एकदम तोडायचीच नसते. आणि थोड्या वेळात तुम्ही त्याच्या हातात पेटता पोत देऊन त्याला नाचवणार आहात."

गॅसवर पुरण एकदा फुटफुटलं. रेणूनं नारळ ओट्यावर ठेवला आणि फोन घेऊन ती बाल्कनीत गेली. काचेआडून ती बोलताना दिसत होती, शब्द येत नव्हते.

"ए पुण्याचे," हिम्मतराव म्हणाले, "इथं बस. मला समजंल असं सांग. आग इझली उन्हाळ्यात. कातडं आलं. मग आता काळजाला काय झालंय?"

तन्वी सतरंजीवर बसली. आपल्या पेशी, फटी, द्रव, हे कसं सांगावं ते तिला सुचेना. समोर विहिरीच्या पाण्यावर आयुष्य काढलेला माणूस होता.

"तुमच्या शेतात पाटानं पाणी जातं ना?"

"आता ड्रिप हाय. पन आधी पाटच व्हता."

"माणूस एवढा भाजला की अंगातले सगळे पाट एकदम फुटतात. जिथं भाजलं नाही तिथलेसुद्धा. पाणी पाटात राहतच नाही, रानात पसरतं. आठवतंय, दादाचा चेहरा केवढा सुजला होता?"

"वळखू येत नव्हता," हिम्मतराव हळू म्हणाले.

"तेच ते पाणी. आणि पाट कोरडा. मग मोटर काय उपसणार? पहिले दोन दिवस त्याच्या हृदयाला उपसायला पुरेसं रक्तच नव्हतं, आणि ते स्वतःही दमलं होतं. म्हणून बाटल्यांवर बाटल्या चढवत होते. मग पाट बुजायला लागले. पण शरीर एवढं घाबरलेलं असतं की ते मोटर फुल्ल सोडून देतं. पळ, पळ, पळ. कातडी येते, जखमा भरतात, माणूस घरी येतो, तरी मोटर चालूच. कुणाकुणाची वर्षभर, कुणाची त्याहून जास्त."

"बंद का करत न्हाई कुनी?"

"शरीराला अजून कळलेलंच नसतं ना, की आग विझली."

हिम्मतरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या टोकानं पुसला. पुसून झाला तरी पुसतच राहिले. "रानात पानी असू दे नसू दे, मोटर रातंदिस चालू ठिवली," ते स्वतःशीच म्हणाले, "तर वायंडिंग जळती."

"तसंच. मांस खाते ती, ताकद खाते. हृदय जाड होतं, दमतं. अशा माणसांना पुढंही हृदयाचा त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, म्हणून आत्ताच जपायचं. ती गोळी मोटर बंद नाही करत. फक्त तिला म्हणते, जरा हळू."

"मंग ती बीपीची न्हवं."

"गोळी तीच. काम वेगळं."

"असं व्हय." ते भावाकडे वळले. "भगवंता, आरं, मी लेकराच्या मोटरीचा स्टार्टर दाबून बसलो की रे."

\*

रेणू आत आली तेव्हा तिनं कुणाकडेच बघितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं तिनं जसंच्या तसं सांगितलं: आज रात्रीपासून अर्धा डोस, सकाळी उठल्याबरोबर ईसीजीला आणा, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर सकाळची वाट बघू नका. दगदग अजिबात नको. आगीजवळ तर नकोच. लावलेल्या कातडीला घाम येत नाही, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही, ती काढायला हृदयाला आणखी पळावं लागेल.

"मग ठरलं," हिम्मतराव म्हणाले. "पोत त्याच्या हाती नको."

"तुम्ही म्हणताय हे?" पद्मावतीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या. डाव हातातच होता. "सकाळपासून मूठ घट्ट कर, मूठ घट्ट कर, कोण म्हणत होतं भाऊजी?"

"मला काय ठाव व्हतं, पद्मा."

"राहू दे ना," भगवंतराव म्हणाले. "देवीला सगळं कळतं."

"तुम्हाला काय कळतं हो? तुम्ही विडे लावा." त्या सगळ्यांकडे एकदा बघून हसल्या, पण ते हसू नव्हतं. "हौ. झालात ना सगळे एका बाजूला? मघापर्यंत दोन-दोन होतात. आता मी एकटी. मी लेकराची वैरीण."

"असं कोण म्हणालं, आई?" रेणू म्हणाली.

"तोंडानं नाही म्हणालं कुणी."

तन्वी उठून त्यांच्या जवळ गेली. "मामी, एक विचारू? मोठे मामा म्हणाले म्हणूनच बंद केलीत?"

पद्मावतीबाईंनी डावाकडे पाहिलं. डावावरचं पुरण वाळायला लागलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या.

त्या सांगायला लागल्या तेव्हा त्यांना हॉल दिसेनासा झाला. त्यांना ती काच दिसत होती. काचेपलीकडे पलंग, पलंगावर कुणीतरी भोपळ्यासारखा सुजलेला माणूस, डोळ्यांच्या जागी दोन घड्या. हा माझा नाही, असं पहिल्या दिवशी त्यांनी नर्सला सांगितलंसुद्धा होतं. दुसरा कोणतरी आहे, माझा कुठं ठेवलाय? त्या मुलीनं मग मॉनिटरचा आवाज बाहेर ऐकू येईल असा केला आणि म्हणाली, अम्मा, हे ऐका, हा तुमचाच. टिकटिकटिकटिक. जणू कुणी अनवाणी पळत येतंय. त्या दिवसापासून पद्मावतीबाईंना मुलगा दिसत नव्हता, ऐकू येत होता. बाकावर बसून त्या डोळे मिटायच्या, आणि तो पळत यायचा. चादरघाटच्या पुलावरून, शाळेच्या दप्तरासकट, बुटांचे बंद सुटलेले, आई भूक लागली म्हणत. कधी तो अगदी दाराशी आलाय असं वाटायचं. डोळे उघडले की काच.

"एका संध्याकाळी तो आवाज हळू झाला," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटलं गं. वाटलं, दमलं लेकरू, आता चालतंय. टिक. मग थांबून टिक. आणि सगळे पळत आले. पडदा ओढला. मला कुणी काही सांगेना. आत नुसते पाय दिसत होते, पडद्याखालून. किती वेळ ते मला माहीत नाही. मग परत पळायला लागला."

रेणूनं खुर्चीची पाठ धरली होती. त्या संध्याकाळी ती खाली औषधं आणायला गेली होती. परत आली तेव्हा पडदा उघडलेला होता, आणि सासूबाई तिला काहीच बोलल्या नव्हत्या.

"घरी आला. ती गोळी चालू. दुपारी झोपला की मी त्याच्या पाठीला कान लावायची, जिथं जाकिटाची शिवण आहे तिथं. तर हळू. टिक. टिक. तुम्हाला वाटतं बरं आहे. मला ते पाय दिसायचे, पडद्याखालचे. मी कान काढायची नाही. पोळ्या करपल्या त्या दिवसांत, तुम्ही हसलात मला. मग दिवाळीत भाऊजी म्हणाले, कशाला ती गोळी. मी म्हटलं, देवीनंच यांच्या तोंडून सांगितलं." त्या थांबल्या. "दोन दिवसांत परत पळायला लागला. मी निवांत झोपले."

"आणि मी झोपलो नाही."

प्रशांत दारात उभा होता. जिना उतरून आल्यामुळे धाप लागली होती, आणि ती लपवायला त्यानं चौकटीला हात लावला होता. कधीपासून उभा होता, कुणालाच कळलं नव्हतं.

\*

त्याला राग आला नव्हता. राग यायला जी मोकळी जागा लागते ती त्याच्यात बऱ्याच महिन्यांत नव्हती. आत सतत कुणीतरी पळत असे. इस्पितळात, भूल उतरता चढताना, त्याला तो माणूस दिसायचासुद्धा. रिकाम्या कोठीतून पळणारा, दुकानांची शटर्स बंद, पुस्तकांचे गठ्ठे फुटपाथवर तसेच, आणि सगळीकडे घोट्यापर्यंत कोमट पाणी. पाणी भिंतींतून झिरपत असे. तो माणूस त्याच्यासाठीच पळतोय हे त्याला माहीत होतं. कुठून कुठं, ते माहीत नव्हतं. गोळी सुरू झाल्यावर एके दिवशी तो माणूस चालायला लागला. एकदा तर बडीचावडीजवळ एका पायरीवर बसलेला दिसला, बुटातली वाळू झटकताना. त्या दिवशी प्रशांत दुपारभर झोपला होता, आणि उठल्यावर त्यानं आपणहून दहीभात मागितला होता.

हे सगळं त्याला आईला सांगता आलं नसतं. तो म्हणाला, "आई, मी पळून पळून दमलो गं."

पद्मावतीबाईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"मला वाटलं तू येतोयस," त्या म्हणाल्या. "पळत येतोयस."

"आलो ना. कधीचा आलो. घरात आहे मी."

वरून संबळाचा आवाज आला. गोंधळ्यांनी वाट बघणं सोडून सुरुवात केली होती. एकेका गावाचं नाव घेऊन ते देवींना बोलावत होते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर. आवाज जिन्यातून खाली येईपर्यंत शब्द विरून जात होते आणि फक्त बोलावणं उरत होतं.

"आणि देवीला काय सांगू?" पद्मावतीबाईंनी विचारलं. "तुझ्या हातानं म्हटलंय मी. तिनं तिचं पुरं केलं. मी माझं मोडू? उद्या परत काही झालं तर मी कुणाच्या तोंडानं मागू?" त्या रेणूकडे वळल्या. "तू सांग. तूच सांग. तू म्हणशील तसं."

हे आजवर त्या रेणूला कधी म्हणाल्या नव्हत्या. रेणूनं सासूबाईंच्या हातातला डाव काढून घेतला, नळाखाली धरला, पुरण सुटेपर्यंत चोळला.

"पोताला तेल कोण घालतं?" तिनं विचारलं.

"घालतो कुणीबी," हिम्मतराव म्हणाले. "गोंधळीच घालत्यात."

"मग आज प्रशांत घालेल. पेटवायच्या आधी, लांब बसून, स्वतःच्या हातानं. पेटल्यावर आई खेळवतील. नवस यांनी बोलला, हात त्याचा लागला. नाही तर मी देवीशी बोलते, एक बाई म्हणून. तिला विचारते, तुला पोरगं हवंय की पोत."

"अगं!" भगवंतराव म्हणाले, आणि त्यांच्या हातातला विडा उलगडला.

हिम्मतरावांचं पोट हसून हलायला लागलं. "भगवंता, तुझी सून लई टोकाची हाय रे. देवीलाबी बँकेत उभं करंल."

पद्मावतीबाई हसल्या नाहीत. पण त्यांनी खोचलेला पदर सोडला आणि नीट डोक्यावर घेतला.

\*

"चालंल का?" हिम्मतरावांनी वर वयस्कर गोंधळ्याला विचारलं.

तो घामानं निथळत होता. "दुपारी घातलाच हाय गोंधळ," तो म्हणाला. "आता आनिक काय बिघडायचं राहिलंय, पाटील?"

प्रशांतला टाकीच्या सावलीत बसवलं. पोत त्याच्या मांडीवर दिला. सुती चिंध्यांचा जाड पीळ, अजून कोराच. त्यानं वाटीतलं तेल एका टोकाकडून सावकाश सोडलं. हातांच्या पाठीवर कातडी नवी होती, घट्ट, तकतकीत, तिला फारसं काही कळत नसे. पण बोटांची टोकं त्याची जुनीच होती. तेल चिंधीत शिरताना त्याला कळत होतं. तन्वी शेजारी उभी राहून त्याच्या श्वासाकडे बघत होती, बघत नाही असं दाखवत.

"मेरेकू मत घूर," तो म्हणाला. "पेशी नाही मी तुझी."

"पेशी एवढं बोलत नाहीत."

मग पोत पलीकडे नेला. हिम्मतरावांनी काडी लावली.

ज्योत दिसलीच नाही. एवढं ऊन होतं. पद्मावतीबाईंच्या मुठीवर नुसती हवा हलत होती, आणि त्या हलणाऱ्या हवेतून पलीकडच्या वाळणाऱ्या साड्या, टाक्या, दूर विद्यापीठाकडची झाडं, सगळं पाण्यात बघावं तसं थरथरत होतं. खाली फरशीवर मात्र धुराची सावली नीट पडली होती. संबळ जोरात झाला. शेजारच्या इमारतीतल्या बायका कठड्याशी आल्या. आई राजा उदो उदो, कुणीतरी म्हणालं, आणि पद्मावतीबाईंचा पाय उचलला गेला. आधी एक पाऊल पुढं, एक मागं. मग त्यांनी गिरकी घेतली. गुडघे दुखतात म्हणून जिना टाळणारी ही बाई कुठून वळतेय ते भगवंतरावांना कळेना. ते विड्यांचं ताट घेऊन तसेच उभे राहिले. रेणू सासूबाईंच्या मागोमाग चालत होती, पदर ज्योतीकडे जाऊ नये म्हणून टोक हातात धरून, त्या वळल्या की वळत. लांबून बघणाऱ्याला दोघीही नाचतायत असंच वाटलं असतं.

संबळ थांबला तेव्हा गोंधळ्यानं पोत त्यांच्या हातातून घेतला आणि दुधात विझवला. पद्मावतीबाई उन्हानं दिपून अंदाजानं चालत सावलीपर्यंत आल्या आणि मुलाच्या खुर्चीशेजारी फरशीवरच बसल्या. तोंडानं श्वास चालला होता. बोलता येत नव्हतं. त्यांनी छातीवर हात ठेवला.

प्रशांत वाकला आणि त्यानं त्यांचं दुसरं मनगट धरलं. बांगड्या वर सारल्या. मघाशी तन्वीची बोटं गेली होती ती जागा शोधायला त्याला जरा वेळ लागला.

"नाडी सापडली," तो म्हणाला. "बघ. अशी आहे."

आणि त्यानं मोकळ्या हाताच्या बोटानं त्यांच्या खांद्यावर ती वाजवायला सुरुवात केली. टिकटिकटिकटिक. पद्मावतीबाईंनी डोळे मिटले. त्या आवाजाला त्या ओळखत होत्या. खांद्यावर कुणी पळत होतं. गोंधळी बिड्या काढत होते, हिम्मतराव कुणाला तरी मोटरीचं समजावून सांगत होते, ताटं वाजत होती, आणि ते सगळं लांब गेलं.

बोट पडत राहिलं. मग दोन टिचक्यांमधे थोडी जागा झाली. मग आणखी थोडी. पद्मावतीबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी डोळे उघडून मान वर केली, पण हात सोडवून घेतला नाही.

टिक. थांबून, टिक.

"हळू झाली," प्रशांत म्हणाला.

त्या ऐकत राहिल्या. पडद्याखालच्या पायांची वाट बघत राहिल्या. समोर रेणूचे पाय आले, पैंजण नसलेले, तेल सांडलेल्या फरशीवर जपून पडणारे, आणि ते पुढं निघून गेले. कठड्यापाशी एक कबुतर बसलं आणि उडालं. बोट अजून पडत होतं, सावकाश, जणू त्याला कुठंच जायचं नव्हतं.

"भीती वाटते का, आई?"

पद्मावतीबाईंनी नीट विचार केला, आत भीती आहे का ते चाचपून पाहिलं.

"तहान लागलीय," त्या म्हणाल्या.